सहा वर्षं आय-लीगचा चषक गोव्यातच होता. पैशाच्या नियमांनी पुढे आपलं काय झालं?

सासष्टी_७९ (धागाकर्ता)

परवा फोंड्याहून मडगावला येताना कदंबात माझ्या शेजारी कॉलेजचा एक मुलगा बसला होता. अंगात एफसी गोवाची केशरी जर्सी. गप्पा फुटबॉलवर आल्या, मी साळगावकरचं नाव काढलं, तर म्हणतो, "साळगावकर? मिरामारचं लॉ कॉलेज ना?" त्याचा काही दोष नाही. साळगावकर क्लबाने राष्ट्रीय लीगमधून अंग काढून घेतलं तेव्हा हा पोर सात-आठ वर्षांचा असेल. पण त्या रात्री मला झोप लागली नाही, म्हणून हा धागा.

नव्या मंडळींसाठी थोडी उजळणी. आय-लीग, म्हणजे तेव्हाची देशातली क्लबांची सगळ्यात वरची फुटबॉल लीग, २००७-०८ मध्ये सुरू झाली. पहिला चषक धेंपोचा. मग चर्चिल, पुन्हा धेंपो, साळगावकर, पुन्हा धेंपो, पुन्हा चर्चिल. २०१२-१३ पर्यंतचे सहाच्या सहा चषक पंधरा लाखांच्या आतबाहेर वस्ती असलेल्या या राज्यात आले. प्रशिक्षक आर्मांदो कुलासो यांचा धेंपो २००८ मध्ये एएफसी कपच्या, म्हणजे आशियातल्या क्लबांच्या स्पर्धेच्या, उपांत्य फेरीपर्यंत गेला होता. धेंपोच्या रांटी मार्टिन्सला बॉल मिळाला की मडगावच्या फातोर्डा स्टेडियमच्या पायऱ्यांवर बसलेली माणसं एकदम उभी राहायची. मीही त्यातलाच.

२०१४ मध्ये आयएसएल, म्हणजे इंडियन सुपर लीग, आली. शहरांच्या फ्रँचायझी, दरवर्षी कोट्यवधींची फी, खेळाडूंचा ड्राफ्ट, वर जाणं नाही की खाली येणं नाही. २०१६ मध्ये भारतीय फुटबॉल महासंघाने नव्या रचनेचा आराखडा मांडला. त्यात आय-लीग दुसऱ्या पायरीवर गेली आणि तिथून जिंकून वर चढायची वाट ठेवलेली नव्हती. साळगावकर, स्पोर्टिंग आणि धेंपो तिघेही बाहेर पडले. ती बातमी मी घोगळच्या नाक्यावर उभ्या उभ्या वाचली होती.

माझं म्हणणं आधीच सांगतो, मग तुम्ही खोडा. पगाराची मर्यादा घातली की आत बसलेल्यांत बरोबरी येते. पण आत कोण बसणार हे फी ठरवते. आपल्याकडे पहिल्या गोष्टीचं कौतुक झालं आणि दुसरीकडे कोणी पाहिलं नाही. प्रेक्षकाच्या दृष्टीने चुरस म्हणजे फक्त आज कोण जिंकेल एवढंच नसतं. माझ्या गावचा क्लब कधीतरी तिथे पोचू शकेल का, हाही त्याचाच भाग आहे.

डिचोलीकर

सासष्टीबाब, तुमची तळमळ कळते. पण त्या सहा चषकांना समतोल म्हणू नका. ती खाणीच्या पैशाची मिरवणूक होती, आणि मी तिच्यात नाचलोय म्हणून सांगतो.

माझे दोन टिप्पर होते. चीनला माल जायचा तेव्हा पहाटे चारला रांगेत लागायचं, दिवसाला होतील तेवढ्या खेपा करायच्या. संध्याकाळी तोंड धुतलं की बेसिनमध्ये लाल पाणी. शनिवारी गाडी उभी केली की आम्ही चौघे मॅचला. पुढे सप्टेंबर २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ लीझ रद्द केल्या. एक टिप्पर मी विकला, दुसरा अजून आवारात उभा आहे, टायरांत गवत उगवलंय.

मोठ्या क्लबांमागे कोण होतं? खाणवाले आणि जहाजवाले. क्लब मालकाच्या खिशावर चालायचा, तिकिटावर नाही. धेंपोंनी २००९ मध्ये खाणधंदा सेसा गोवाला विकला आणि तरीही क्लब चालवला, हे त्यांचं मोठेपण. पण एका घराण्याच्या मोठेपणावर उभी असलेली गोष्ट किती दिवस टिकणार? तेव्हा कसलीही मर्यादा नव्हती, म्हणून आपण जिंकत होतो. इंफाळ-शिलाँगच्या क्लबांना आपल्याबद्दल तेच वाटत असेल जे आज तुम्हाला मुंबईबद्दल वाटतं.

वास्को_सडा

डिचोलीकर, बरोबर. पण शिलाँग लाजाँग जिंकून वर येऊ शकत होता आणि आलाही. दार उघडं होतं. फरक तेवढाच आणि तोच मोठा.

हिशेबनीस

मी पेशाने सीए आहे, पणजीत बसतो. दोन्ही बाजूंना थोडा हिशेब देतो. लांबेल, सांभाळून घ्या.

जगभरचे हे नियम ढोबळपणे दोन जातींचे. एक, सगळ्यांना एकच आकडा. दुसरी, ज्याची जेवढी कमाई तेवढा त्याचा खर्च. ऐकायला दोन्ही न्याय्य वाटतात, पण परिणाम अगदी उलटे होतात.

पहिल्या जातीचा नमुना म्हणजे अमेरिकेतली त्यांच्या फुटबॉलची एनएफएल. १९९४ पासून कडक मर्यादा, आणि तिच्या जोडीला टीव्हीचा राष्ट्रीय पैसा सगळ्या संघांत सारखा वाटतात. ही जोडी महत्त्वाची. नुसती मर्यादा लावली आणि पैसा वाटला नाही, तर गरीब संघ मर्यादेपर्यंत पोचतच नाही. ग्रीन बे हे लाखभर वस्तीचं गाव, म्हणजे आपल्या मडगावच्या आसपासचं. तिथला पॅकर्स संघ न्यूयॉर्क-शिकागोच्या बरोबरीने खेळतो, आणि त्याचे मालक पाच लाखांहून जास्त भागधारक आहेत ज्यांना एक पैसाही लाभांश मिळत नाही. ती लीगसुद्धा बंदच आहे, तिथेही हरलं म्हणून खालच्या लीगमध्ये जाणं नाही. म्हणून सासष्टीबाब, बंद दार हे एकच कारण पुरत नाही. बंद लीगमध्येही छोटं गाव टिकतं, पैसा वाटला तर.

दुसरी जात युरोपची. युएफाचा, म्हणजे युरोपच्या फुटबॉल संघटनेचा, आताचा नियम असा, की संघावरचा खर्च, म्हणजे पगार, ट्रान्सफर आणि एजंटांची फी मिळून, उत्पन्नाच्या ७० टक्क्यांच्या आत हवा. तीन वर्षांत पायरी पायरीने ९० वरून ८० आणि मग ७० वर आणला. क्लब बुडू नयेत म्हणून हा नियम चांगलाच आहे. पण ज्याचं उत्पन्न दहापट, तो कायदेशीरपणे दहापट खर्च करणार. म्हणजे आज जो जिथे आहे तो तिथेच गोठला. हाच नियम उद्या भारतात लावला तर विचार करा: फातोर्ड्यात १९ हजारांच्या आसपास जागा, कोलकात्याच्या सॉल्ट लेकमध्ये ६० हजारांहून जास्त. आपण जन्मभर छोटेच.

इंग्लंडमध्ये २०२५-२६ च्या मोसमापर्यंतचा नियम तोट्यावर मर्यादेचा, तीन वर्षांत १०.५ कोटी पौंड. ती ओलांडली म्हणून एव्हर्टनचे नोव्हेंबर २०२३ मध्ये १० गुण कापले, अपिलात ६ झाले, एप्रिलमध्ये दुसऱ्या प्रकरणात आणखी २ गेले. नॉटिंगहॅम फॉरेस्टचे ४. मला यात सगळ्यात खुपतं ते हे: खर्चाचा निर्णय मालकाचा आणि गुण गेले ते पावसात उभं राहून ओरडणाऱ्या माणसाचे. मॅनचेस्टर सिटीवर फेब्रुवारी २०२३ मध्ये शंभरावर आरोप ठेवले गेले, आणि तिथे वकिलांची फौज उभी राहिली की वर्षं जातात. नियम सगळ्यांना सारखा, पण तो लढवण्याची ऐपत सारखी नाही.

आता आपल्या घरचं. आयएसएलमध्ये खेळाडूंच्या पगाराला मर्यादा आहे, २०२०-२१ मध्ये ती १६.५ कोटी होती. सगळ्यांना एकच. त्याच वर्षी काय झालं ते आठवा. प्रशिक्षक सर्जिओ लोबेरा यांनी उभा केलेला एफसी गोवाचा संघ २०१९-२० मध्ये लीगमध्ये पहिला आला, शील्ड आपली. हंगाम संपण्याआधीच त्यांना काढलं होतं, शेवटचे सामने क्लिफर्ड मिरांडाने सांभाळले. नोव्हेंबर २०१९ मध्ये सिटी फुटबॉल ग्रुपने मुंबई सिटीचे ६५ टक्के विकत घेतले होते. पुढच्या मोसमात लोबेरा मुंबईत, आणि मागोमाग बूमू, जाहू, फॉल आणि आपल्या म्हापशाचा मंदार राव देसाई. पगाराची मर्यादा कोणी मोडली नाही. मर्यादा खेळाडूंच्या पगाराला होती. मागे कोण उभं आहे, प्रशिक्षक कोण, पुढची वाट कुठे जाते, याला मर्यादा नसते. खेळाडू त्या सगळ्याचा विचार करून जातो. त्याला दोष देऊ नये, करिअर दहा वर्षांचं असतं.

केळशीची_लेक

हिशेबनीस, तो उपांत्य सामना! मार्च २०२१, बांबोळी. करोनामुळे सगळी आयएसएल गोव्यातच तीन मैदानांवर, फातोर्डा, बांबोळी आणि वास्कोचं टिळक मैदान, आणि प्रेक्षकाला आत सोडत नव्हते. आपलाच जुना प्रशिक्षक, आपलेच जुने खेळाडू, आपल्याच गावात, आणि आपण पेनल्टीवर हरलो. मी बाबांबरोबर बांबोळीच्या रस्त्यावर गाडी लावून मोबाइलवर बघत होते. मैदानातला शिट्टीचा आवाज आधी खराखुरा कानावर यायचा आणि पाठोपाठ मोबाइलमधून. शेवटची पेनल्टी गेली तेव्हा पलीकडून फक्त त्यांच्या खेळाडूंची आरोळी ऐकू आली. आम्ही काहीही न बोलता घरी आलो.

मंदारवर माझा राग नाही. पण "सगळ्यांना सारखी मर्यादा" हे वाक्य कोणी म्हटलं की मला ती आरोळी ऐकू येते.

पेडणेकर_पोरगा

आयपीएलचं काय मग? पर्स सगळ्यांना सारखी, २०२५ ला १२० कोटी. टीव्हीचा पैसाही वाटतात. तरी मुंबई आणि चेन्नईचे ५-५ चषक आणि बंगळुरूला पहिला यायला २०२५ उजाडलं. पण एक मात्र खरं, गुजरात पहिल्याच वर्षी, २०२२ ला जिंकली. दर मोसमाआधी प्रत्येकाला वाटतं, यंदा आपली पाळी.

हिशेबनीस

@पेडणेकर_पोरगा हो, आणि "यंदा आपली पाळी" हेच या नियमांचं खरं माप. कोण किती वेळा जिंकला यापेक्षा मोसमाच्या पहिल्या दिवशी किती गावांना तसं वाटतं, ते मोजायला हवं.

बालेवाडीचा_बेंच

पुण्याहून लिहितोय. तुमचा क्लब निदान आहे. आमचा एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये बंदच झाला, जागा हैदराबादला गेली. दिल्ली डायनामोज त्याच वर्षी उठून भुवनेश्वरला ओडिशा झाले. हैदराबाद मार्च २०२२ मध्ये तुमच्याच फातोर्ड्यात विजेता झाला, दोन वर्षांत तिथे पगार थकले, खेळाडू सोडून गेले, आणि २०२५ मध्ये तो संघही दिल्लीला हलला. पगाराची मर्यादा या सगळ्या काळात लागू होती. खर्च किती करायचा याला नियम होता. गाव सोडून जाऊ नये याला नव्हता. माझ्या कपाटात पुण्याचा केशरी-जांभळा स्कार्फ आहे. मुलगी विचारते हा कुठल्या टीमचा, तर काय सांगू?

रोसवाला_घोगळ

मी लिहिणाऱ्यातला नाही. फातोर्ड्याला स्टेडियमबाहेर रोस ऑम्लेटचा, म्हणजे रश्शातल्या ऑम्लेटचा, गाडा आहे, आधी वडिलांचा होता, त्यांच्याबरोबर बारा वर्षांचा असल्यापासून कांदा चिरतोय. इथे सगळे कोटींत बोलतायत, मी अंड्यांच्या ट्रेमध्ये सांगतो.

धेंपो-साळगावकर असली की आम्ही चार ट्रे न्यायचो. मोहन बागान किंवा ईस्ट बंगाल आला तर सहा. बाकी साध्या मॅचला दोन पुरायचे, कधी त्यातलेही उरायचे. कोणी म्हणेल जुन्या दिवसांत स्टेडियम भरून वाहायचं, तर ते खरं नाही. दुपारच्या मॅचला उन्हात दोनशे माणसं पण बघितलीत. आयएसएल आली त्या पहिल्या वर्षी आपले प्रशिक्षक, ब्राझीलचे झिको, त्यांना बघायला एवढी गर्दी, की वडिलांनी बारा ट्रे आणले आणि हाफ टायमाच्या आधी रोस संपला. २० डिसेंबर २०१५, फायनल, चेन्नईविरुद्ध. शेवटच्या पाच मिनिटांत आपण जिंकत होतो ते हरलो. त्या रात्री लोक गाड्यापाशी येऊन नुसते उभे राहिले, कोणी काही मागवलं नाही. वडिलांनी स्वतःहून पाव कापून सगळ्यांच्या हातात दिला, पैसे घेतले नाहीत.

म्हणून मी नवीन लीगला नावं ठेवणार नाही. तिने माणसं आणली, बायका-पोरं आणली, फ्लडलाइटखाली आणली. पण घरच्या रात्री आठ-दहा, फार तर बारा. आधी महिन्यात किती तरी मॅच असायच्या, क्लब चार-पाच होते. दोन ट्रेवाले दिवस गेले. आणि दोन ट्रेवाल्या दिवसांवर घर चालतं हो, बारा ट्रेवाल्या रात्रीवर नाही चालत. गेल्या वर्षी लीग थांबली तेव्हा तर तेही गेलं. महिनोन्महिने फक्त सुपर कप आणि ती आशियाची स्पर्धा. ऑक्टोबरात सौदीचा अल नस्र आला, रोनाल्डो आलाच नाही, तरी ब्रायसनने गोल मारला तेव्हा माझ्या हातातलं उलथणं खाली पडलं.

वास्को_सडा

रोसवाल्याभाऊ, लिहीत राहा, असंच लिहा.

लीग थांबली ती का, हेही या धाग्याचाच विषय आहे. महासंघाने २०१० मध्ये सगळे व्यापारी हक्क १५ वर्षांसाठी एकाच कंपनीला दिले होते, ७०० कोटींना. ते डिसेंबर २०२५ मध्ये संपले. नवी निविदा काढली तर एकही बोली आली नाही. शेवटी मोसम फेब्रुवारी २०२६ ला उघडला, तोही एकेरी फेरीचा. पंधरा वर्षं सगळी भिस्त एका तिजोरीवर ठेवली की असं होतं. डिचोलीकर खाणवाल्यांच्या खिशाबद्दल बोलले, हा तोच प्रकार, खिसा फक्त मोठा.

आणि आता प्रमोशन आहे म्हणतात. आहे. पंजाब २०२३ ला वर आला, मोहमेडन २०२४ ला. २०२५ ला चर्चिल ब्रदर्सला एप्रिलमध्ये विजेता म्हणून जाहीर केलं, चषक दिला. प्रकरण स्वित्झर्लंडच्या क्रीडा लवादात गेलं आणि जुलैमध्ये विजेतेपद इंटर काशीला मिळालं. लवादाचा निर्णय मान्य. पण चषक हातात देऊन तीन महिन्यांनी काढून घेतला त्याचं काय? वार्क्याच्या पोरांनी तो चषक डोळ्यांनी पाहिला होता.

म्हापशेकरीण_डॉर्टमुंड

मी सात वर्षं इथे जर्मनीत नर्स आहे. रात्रपाळी संपवून लिहितेय.

इथला नियम ५०+१ म्हणून ओळखला जातो. क्लबच्या मतांपैकी निम्म्याहून एक तरी मत जास्त सभासदांच्या संस्थेकडे राहिलं पाहिजे. बाहेरच्याने कितीही पैसा घातला तरी गादी त्याची नाही. मी बोरुसिया डॉर्टमुंडची सभासद आहे. वर्षाची वर्गणी भरते आणि वार्षिक सभेत हात वर करते. आमच्या वॉर्डातला सफाई कामगारही करतो. दक्षिणेच्या उभ्याच्या स्टँडमध्ये जवळजवळ २५ हजार माणसं मावतात, आणि तिकीट माझ्यासारखीला परवडतं, कारण दर वाढवणाऱ्यांना सभेत आमच्यासमोर उभं राहावं लागतं.

पण यामुळे चुरस वाढली असं मी सांगणार नाही. बायर्नने २०१३ ते २०२३ सलग अकरा वर्षं लीग जिंकली. २०२४ मध्ये ती मोडली लेव्हरकुसेनने, एकही सामना न हरता, आणि लेव्हरकुसेन हा या नियमातून सूट असलेला, औषध कंपनीचा क्लब! २०२३ ला शेवटच्या दिवशी आम्ही घरच्या मैदानावर जिंकलो असतो तर चषक आमचा होता. बरोबरीत सुटला. हजारो माणसं तिथेच रडत उभी राहिली आणि नंतर खेळाडूंसाठी गाणं म्हणाली. पुढच्या वर्षी सगळे परत आले.

त्या दिवशी मला कळलं की हरणं माणूस सोसतो. सासष्टीबाब, तुमच्या बसमधल्या मुलाबद्दल वाचून मात्र पोटात कालवलं. माझे आजोबा म्हापशाच्या धुळेर मैदानावर साळगावकरसाठी ओरडून घसा बसवून यायचे.

डिचोलीकर

मुक्काम पोस्ट डॉर्टमुंडवाल्या ताई, तुमचं वाचून माझं मत थोडं हललं. मी म्हटलं होतं, एका घराण्यावर उभं असलेलं टिकत नाही. मग पाच हजार घरांवर उभं केलं तर? आमच्या गावात देवस्थानच्या पावणीला, भजनी सप्ताहाला वर्गणी गोळा होतेच की, आणि हिशेब मंडपात वाचून दाखवतात. फुटबॉल क्लबला का नाही?

हिशेबनीस

डिचोलीकर, कागदावर होऊ शकतं, सोसायटी किंवा ना-नफा कंपनी म्हणून. पण पाच हजार घरांनी वर्षाला हजार रुपये दिले तरी ५० लाखच होतात. गोवा प्रो लीगमध्ये नीट खेळायला ते उपयोगी पडतील, आयएसएलच्या दारात उभं राहायलाही नाही. म्हणून मी पुन्हा त्याच जोडीवर येतो: वरच्या लीगने टीव्हीचा आणि प्रायोजकांचा काही ठरावीक वाटा खाली राज्य लीगपर्यंत पोचवायचा आणि दार उघडं ठेवायचं. सगळी नवी बांधणी चालू आहे, हे मागायची हीच वेळ. फेडरेशनच्या नव्या घटनेवर सर्वोच्च न्यायालयातच चर्चा झाली, तिथे क्लब होते, राज्य संघटना होत्या. तिकीट काढणाऱ्याच्या वतीने कोण होतं?

सासष्टी_७९

सगळ्यांचं वाचलं, दोनदा. मी म्हटलं होतं की फी हेच दुखणं. हिशेबनीसांनी ते दुरुस्त केलं: पैसा वाटला तर बंद लीगमध्येही छोटं गाव उभं राहतं. मान्य. आणि डिचोलीकरांचंही मान्य, आपले सहा चषक मर्यादा नसल्याने आले. पण बालेवाडीच्या स्कार्फचं आणि रोसवाल्याच्या दोन ट्रेंचं उत्तर कुठल्याच नियमात मला सापडलं नाही. लीगचे नियम लिहिताना क्लब गावात राहील आणि वर्षभर खेळेल, हे पहिलं कलम असायला हवं. मर्यादा कितीची, हे त्यानंतर.

धेंपो २०२४ मध्ये पुन्हा आय-लीगमध्ये चढला, खालच्या डिव्हिजनमधून खेळून. साळगावकर आणि स्पोर्टिंग गोवा प्रो लीगमध्ये आहेत. तिकडे मी स्वतः गेल्या तीन वर्षांत एकदाही गेलो नाही आणि इथे धागे काढतोय, हे मला आज लागलं. रविवारी धुळेरला जातोय, साडेतीनला गेटपाशी असेन. ज्यांना जमेल त्यांनी या. म्हापशेकरीणताई, तुमच्या आजोबांची बसायची बाजू कुठली ते कळवा, तिथेच बसू.

म्हापशेकरीण_डॉर्टमुंड

रस्त्याच्या बाजूला, गोलच्या मागे. तिथून रेफ्रीला ऐकू जातं म्हणायचे.

रोसवाला_घोगळ

मी पण येतो. धुळेरच्या बाहेर गाडा लावायचा तर म्हापसा पालिकेचा वेगळा परवाना लागतो का, कोणाला ठाऊक असल्यास शुक्रवारच्या आत सांगा. दोन ट्रे आणीन.